घर कुठं घ्यावं? शाळा नाशिकरोडला, कंपनी अंबडला आणि सासूबाईंचा जीव पंचवटीत

हिरावाडीची_बाई

नमस्कार मंडळी. शक्यतो नाशिककरांनीच उत्तर द्या. पुण्या-मुंबईचे नातेवाईक 'दहा-बारा किलोमीटर म्हणजे काय हो, हाकेच्या अंतरावर' म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो.

आम्ही पंचवटीत हिरावाडीला भाड्याने राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवी आहे. परत भाड्याचं घर शोधत फिरण्यापेक्षा आता स्वतःचंच घ्यावं असं ठरलं. ठरलं म्हणजे घ्यायचं एवढंच ठरलं. कुठं, यावरून घरात रोज रात्री जेवणं थंड होताहेत.

मी नाशिकरोडला जेलरोडच्या एका शाळेत प्राथमिकला शिकवते. शाळा सकाळची, सात वाजून पाच मिनिटांनी मस्टरवर सही. सुटते सव्वाबाराला. जूनपासून लेकही त्याच शाळेत पहिलीला येणार. नवरा अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात. सासूबाईंचं वय ६८, गुडघे बोलायला लागलेत, पण सोमवारी कपालेश्वर आणि बुधवारी गोदाघाटावरचा बाजार चुकवत नाहीत. भजनी मंडळ पण तिकडेच.

तीन घरं पाहून ठेवलीत. भाव आम्हाला सांगितलेले आहेत, घासाघीस अजून बाकी आहे.

म्हसरूळला दिंडोरी रोडच्या आत नवी स्कीम, टू बीएचके, ताबा दीड वर्षानं, ४१ लाख. घर सगळ्यात मोठं आणि हवा मस्त. बाल्कनीतून द्राक्षाचा मळा दिसतो (किती दिवस दिसेल कोण जाणे, मळ्याच्या बांधावर आत्ताच एका बिल्डरची पाटी आहे).

पाथर्डी फाट्याला तयार फ्लॅट, ४८ लाख. लिफ्ट, पार्किंग, वॉचमन सगळं आहे. नवऱ्याची कंपनी गाडीवर दहा मिनिटं. तो आत्ताच पडदे कुठले घ्यायचे ते बोलतोय.

जेलरोडला इंगळेनगरच्या बाजूला रिसेल, २००९ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४० लाख. माझी शाळा चालत सात-आठ मिनिटं. सासूबाई जिना बघून खालीच थांबल्या. 'तुम्ही बघून या' म्हणाल्या, त्यातच सगळं आलं.

इंदिरानगर, गोविंदनगर, अशोका मार्ग असं मधलं काही सुचवू नका. पाहिलंय. जे आवडतं ते परवडत नाही आणि जे परवडतं तिथे स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी उभी राहत नाहीत.

तर रोजच्या जाण्यायेण्याचा विचार करता कोणतं घ्यावं? कोणाचं अंतर कमी करायचं, हाच खरा वाद आहे.

पेठरोडकर

डोळे झाकून म्हसरूळ. आम्ही दहा वर्षांपूर्वी पेठरोडला गेलो तेव्हा लोक हसले होते, आज तेच लोक भाव विचारतात. सासूबाईंना पंचवटी जवळ, निमाणी बसस्टँडपर्यंत बस-रिक्षा कायम. मिस्टरांसाठी पण सांगतो, गावातून जायचंच नाही. मेरीवरून रासबिहारी लिंक रोडने हायवेला लागायचं. चारचाकी असेल तर उड्डाणपूल धरला की द्वारका, मुंबई नाका सगळं खाली राहतं. पुलावर ना सिग्नल ना रिक्षा.

शिवाय ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत असेल तर बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी एकच टक्का. पाच टक्के नाही. हे पण हिशोबात धरा.

सायली_पाथर्डी

मी अगदी तुमच्या उलट्या टोकाला आहे. राहते पाथर्डी फाट्याला, नोकरी नाशिकरोडला बिटको चौकाजवळ. त्यामुळे तुम्ही पाथर्डीला आलात तर रोज काय कराल ते सांगू शकते.

दोन रस्ते आहेत. एक वडाळा-पाथर्डी रोडने, कलानगर, पुढे वडाळागाव, डीजीपीनगर आणि मग पुणे रोडला उपनगरकडे. रस्ता ठीक आहे, वस्ती आहे, दिवे आहेत. वडाळागावात मात्र गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. दुसरा रस्ता पाथर्डी गावातून वडनेर, विहितगाव करत. हा मोकळा आणि छान आहे, दुपारी मी याच रस्त्याने येते. पण सकाळी? जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे तुम्ही साडेसहाला निघाल तेव्हा काळोख, थंडी आणि दोन्ही बाजूला मळे, ऊस. वडनेर-विहितगाव पट्ट्यात बिबट्याच्या बातम्या तुम्ही वाचत असालच. घाबरवत नाही, पण मागे लहान मुलगी बसलेली असताना मी तरी त्या वेळी तिकडून जाणार नाही.

पाथर्डी राहायला चांगलं आहे. पांडवलेणी समोर, दुकानं, दवाखाने सगळं आलंय आता. फक्त बुकिंगच्या आधी पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहून बघा. शहराच्या कचऱ्याचा खतप्रकल्प पाथर्डीतच आहे. आमच्या गल्लीत वास येत नाही, पण दोन गल्ल्या सोडून राहणारी माझी मैत्रीण वारा फिरला की खिडक्या लावून घेते. सेल्सवाला हे सांगणार नाही, तुम्ही जाल तेव्हा वारा नेमका दुसरीकडचा असेल.

निवृत्त_स्टिअरिंग

ताई, मी एसटीत ड्रायव्हर होतो. नाशिकची शहर बस एसटीकडे होती त्या काळात बरीच वर्षं सिटी ड्युटी केली. २०२१ च्या जुलैत महापालिकेची सिटीलिंक बस आली, मी त्याच्या आधीच घरी बसलो होतो. निमाणी-नाशिकरोड, निमाणी-उत्तमनगर, शालिमार, सातपूर, सगळं झालंय. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, रिकामाच आहे.

सगळे तुम्हाला द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगरचा बोगदा म्हणून घाबरवतील. खरं आहे, तिथे कोंडी होते. पण कधी? सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ-साडेआठ. आता तुमच्या घराच्या वेळा बघा. तुम्ही साडेसहाला निघता, साडेबाराला परत. मिस्टरांची पहिली पाळी असेल तर ते पण सकाळी सहा-साडेसहाला, परत साडेतीनला. दुसरीला दुपारी अडीचला निघून रात्री साडेअकराला घरी. तिसरीला रात्री दहाला निघून सकाळी. तुमच्या घरातलं एकही माणूस कोंडीच्या वेळी रस्त्यावर नाही! सकाळी साडेसहाला द्वारकाला मी ब्रेकवर पाय न ठेवता बस काढलेली आहे. घर बघायला तुम्ही जाता रविवारी नाहीतर संध्याकाळी, मोबाइलवर लाल रेघ बघता आणि म्हणता बापरे. ती रेघ दुसऱ्यांची आहे.

तुमच्या वाट्याला कोंडी नाही, अंधार आहे. आणि झोप. तिसऱ्या पाळीवरून सकाळी मोटरसायकलवर येणारा माणूस हा रस्त्यावरचा सगळ्यात धोक्याचा माणूस, हे मी स्टिअरिंगवरून पाहिलंय. डोळे उघडे असतात, पण बघत काही नसतो. अशांना आम्ही लांबूनच हॉर्न देत यायचो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हा, की कंपनीची बस आहे का आणि ती कुठून कुठून येते? अंबड-सातपूरच्या बऱ्याच कंपन्यांच्या बस नाशिकरोडहून भरून येतात. बस असेल तर मिस्टरांचं अंतर किती हा प्रश्नच राहत नाही, बसथांब्यापर्यंतचं अंतर किती एवढाच राहतो.

दुसरी गोष्ट पैशाची. लोक म्हणतात जवळ घर घेतलं की पेट्रोल वाचतं. करून बघा हिशोब. जेलरोडहून अंबड साधारण तेरा-चौदा किलोमीटर धरा. महिन्याचे २५ दिवस, जाऊन-येऊन झाले सातशे किलोमीटरच्या आत. गाडी पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देत असेल तर पंधरा लिटर पेट्रोल. सोळाशे रुपये. पाथर्डीचं घर आठ लाखांनी महाग आहे. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे आठ लाखांना जवळपास सात हजार, दर महिन्याला, वीस वर्षं. वर पाथर्डीहून तुमची स्कूटर रोज नाशिकरोडला येणार, तिचं पेट्रोल वेगळंच. तेव्हा पेट्रोलसाठी घर बदलू नये. बदलायचं तर माणसाच्या हालासाठी बदलावं.

तिसरी गोष्ट नोकरीची. मिस्टरांची कंपनी आज अंबडला आहे. नवे प्लांट कुठे निघताहेत? सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडे अक्राळे. उद्या हीच कंपनी, किंवा दुसरी जास्त पगाराची, तिकडे निघाली तर? पाथर्डीहून गोंदे सोपं, सिन्नर आडवळणी. जेलरोडहून सिन्नर सरळ पुणे हायवे, गोंदे लांब. कुणी सांगावं. पण तुमची शाळा हलणार नाही, आणि मुलीची पुढची दहा वर्षं तिथेच जाणार. जे हलत नाही त्याच्याजवळ बिऱ्हाड करावं असं माझं मत.

राहिले सासूबाईंचे गुडघे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे मात्र सांगतो, जेलरोडहून पंचवटीला जायला द्वारकेला जायची गरज नाही. दसकच्या पुलावरून नांदूर नाका, तिथून संभाजीनगर रोडने सरळ पंचवटीत.

पेठरोडकर

काका, हिशोब पटला, पण तुम्ही घराच्या वाढत्या किमतीचं काही बोललाच नाहीत. जेलरोडची २००९ ची इमारत दहा वर्षांनी कोण घेणार? म्हसरूळ वाढतंय. मेट्रो निओ (रबरी टायरवरची मेट्रो) येईल, रिंग रोड होईल.

निवृत्त_स्टिअरिंग

मेट्रो निओ २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आली होती, २,०९२ कोटींची घोषणा. तेव्हापासून ती ब्रोशरमध्येच धावते आहे. आली तर आनंदच आहे, मी पहिल्या दिवशी बसेन. पण जी बस स्टॉपवर उभी नाही तिचं तिकीट मी फाडत नाही.

आणि म्हसरूळ-पंचवटीवाल्यांनी २०२७ विसरू नये. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीतून गाडी काढणं म्हणजे काय ते २०१५ ला आम्ही केलंय. बॅरिकेड, वळसे, पास. ते थोड्या दिवसांचं असतं हे मान्य. पण आत्तापासून त्याची कामं चालू आहेत, रस्ते उकरलेत, आणि ताई साडेसहाला शाळेत निघणार त्या अंधारात.

हिरावाडीची_बाई

काका, तुमची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. 'डोळे उघडे असतात, पण बघत काही नसतो' इथे तो गप्प झाला.

कंपनीची बस आहे. आजवर आम्ही कधी तिचा विचारच केला नव्हता, कारण पंचवटीची बस निमाणीहून येते आणि तिथे जाऊन उभं राहण्यापेक्षा तो गाडीच काढतो. आज त्यानं विचारलं. नाशिकरोडची बस बिटकोवरून येते आणि दत्तमंदिर स्टॉपला थांबते, तिन्ही पाळ्यांना. रात्री दुसरी पाळी सुटल्यावर परत तिथेच सोडते. पाथर्डी फाट्याला बस नाही, कारण 'तिथले लोक जवळचेच आहेत' असं टाइम ऑफिसवाला म्हणाला. म्हणजे जवळ घर घेतलं तर तो कायम गाडीवरच, आणि लांब घेतलं तर बसमध्ये झोपून! हे ऐकून सासूबाई इतक्या हसल्या.

सायली, वडनेर रस्त्याबद्दल सांगितलंस ते फार बरं केलंस. मोबाइल मला तोच रस्ता सुचवत होता.

नाशिकरोड_मी_पण

जेलरोडकर आहे म्हणून मध्ये पडते. घर घेण्याआधी तीन गोष्टी बघा, बाकीचं सगळं चालतं.

सोसायटी नोंदलेली आहे का, आणि जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का. आमच्या बाजूच्या इमारतीत सोळा वर्षं झाली, जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. पूर्णत्वाचा दाखला मागा, झेरॉक्स नाही, मूळ कागद बघा. बँक पण तेच मागेल. दुसरं, नळाचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. चेअरमनला विचारू नका. तिसरं, गच्ची. तिसरा म्हणजे शेवटचा मजला असेल तर छताच्या कोपऱ्यात, पंख्याच्या हुकाजवळ बघा. आत्ताच रंग दिलेला असेल तर का दिला ते विचारा.

रिसेलला जीएसटी नाही, तयार घराला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर तिथेही नाही. आणि घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. ४० लाखांवर ४० हजार होतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. घरात यावर काय बोलणं होईल ते तुमचं तुम्ही बघा :)

एक सांगायचं राहिलं. गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे आमच्याकडे डोक्यावरून घरघर असते. पहिला महिना मुलं खिडकीत धावतात. नंतर कुणी मान वर करत नाही.

सायली_पाथर्डी

जिन्याचं काय पण? पेट्रोल, बस, दस्त सगळं बोलून झालं. ६८ वर्षांच्या बाईला तीन मजले रोज चढउतार करायला लावायचे? माझ्या आजीचं हेच झालं. पहिल्या वर्षी दिवसातून दोनदा उतरायची, मग एकदा, मग फक्त दवाखान्याला. घर शाळेजवळ आलं आणि आजीला मात्र खालचं अंगणसुद्धा लांब पडलं. बसने दसकवरून पंचवटी वगैरे ठीक, पण आधी खाली तर उतरायला हवं.

निवृत्त_स्टिअरिंग

बरोबर बोलली पोरगी. म्हणून मी वर लिहिलं की माझ्याकडे उत्तर नाही. जेलरोड धरा, पण तो फ्लॅट धरू नका. त्याच भागात पहिला मजला शोधा. पहिला मजला लोक नाकारतात, डास येतात, रस्त्याचा आवाज येतो म्हणून. त्यामुळे भावात थोडं मागेपुढे होतं. सैलानी बाबा स्टॉपच्या आतल्या कॉलन्यांमधून पायी फिरा, मोटरसायकलवरून नाही. एजंटकडे न गेलेली घरं गेटवरच्या पाटीवर सापडतात, नाहीतर किराणा दुकानदाराला माहीत असतात.

आणि सासूबाईंना एकदा नांदूर नाक्यावरून पंचवटीत आणून दाखवा. बुधवारीच आणा, बाजाराच्या दिवशी. रिकाम्या पिशवीनं येताना सगळं जवळ वाटतं, भरलेल्या पिशवीनं परत जाताना कसं वाटतं ते बघा.

हिरावाडीची_बाई

घेऊन गेलो. बुधवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना बाजारातून घेतलं आणि स्कूटरवर नांदूर नाक्यावरून जेलरोडला आणलं. पिशवीत मेथी, गवार, दोन किलो कांदे आणि कुठूनतरी तुळशीचं रोप. दसकच्या पुलावर मला थांबायला लावून त्यांनी खाली पाहिलं. 'ही गोदावरीच का गं?' म्हणाल्या. हो म्हटलं, आपल्याकडूनच वाहत येते. मग जरा वेळानं म्हणाल्या, सोमवारचं कपालेश्वर महिन्यातून दोनदा केलं तरी महादेव काही रागवायचा नाही. पण जिना नको.

तर म्हसरूळ बाद, नवऱ्यानंच बाद केलं. दीड वर्ष भाडं आणि हप्ता दोन्ही भरायची त्याची तयारी नाही. पाथर्डीचे पडदे त्यानं अजून मनातून काढलेले नाहीत, पण बसमध्ये झोपायची कल्पनाही त्याला आवडलेली दिसते. तिसऱ्या मजल्यावाल्यांना आज 'नको' म्हणून कळवलं. पिंटो कॉलनीच्या बाजूला एका किराणा दुकानदारानं पहिल्या मजल्यावरचं एक घर सांगितलंय, मालक ओझरला असतात, ४३ म्हणताहेत. रविवारी बघायला जातोय.

नाशिकरोड_मी_पण, पूर्णत्वाचा दाखला मूळ बघायचा म्हणालात. मालक म्हणतात तो सोसायटीकडे आहे, सोसायटी म्हणते बिल्डरकडे. महापालिकेत नक्कल मिळते का? कोणत्या विभागात अर्ज करायचा?

नाशिकरोड_मी_पण

मिळते. नगररचना विभागात अर्ज करा. बांधकाम परवानगीचा नंबर असेल तर लवकर सापडतं, तो मालकाच्या खरेदीखतात लिहिलेला असतो. रविवारी घर बघायला जाल तेव्हा खरेदीखताच्या त्या पानाचा फोटोच काढून आणा.